शिट्टी घरी ठेवा

ताई,

शाळा सोडून आम्हाला ३४ वर्षं झाली. शाळेत मी चार वर्षं वर्गाची मॉनिटर होते आणि आता वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिनही मीच आहे. मागच्या वर्षी सुट्टीच्या एका दिवशी मी सगळ्यांची सहल काढली. २३ जणांनी ‘नक्की’ म्हणून कळवलं, आले १४. साडेपाचला निघायचं होतं, निघालो सव्वासातला. पाच ठिकाणं बघायची ठरली होती, जेमतेम तीन झाली. सगळ्यांना वेळेवर बसमध्ये चढवता चढवता माझा जीव मेटाकुटीला आला. गंमत म्हणून गळ्यात शिट्टी अडकवून गेले होते. दुपारनंतर ती खरंच वाजवावी लागली. परतताना एक मित्र म्हणाला, ‘हिच्याबरोबर आलं की अजून वाटतं, उतरताना हातात प्रगतिपुस्तक मिळणार.’ सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मात्र रडले.

आणखी एक. शाळेत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीणही सहलीला आली होती. ती वाचताना मध्येच अडायची (ती अडली की पुढचं मी वाचायचे), म्हणून वर्गात तिला सगळे ‘गाडी’ म्हणत. सहलीत चढावर आमची बस बंद पडली, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, ‘घ्या! एक गाडी कमी होती म्हणून दुसरीही बंद पडली!’ बसभर हशा. ती उरलेला सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बसली. दोन दिवसांनी ग्रुपमधून बाहेर पडली. कुणी काही विचारलं नाही. मीही फोन केला नाही, काय बोलायचं तेच सुचेना.

आता पुन्हा सुट्ट्या आल्यात आणि ग्रुपवर सुरू झालंय, ‘मॅडम, या वर्षी कुठे?’ नवरा म्हणतो, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला जाऊ नकोस. सहल काढू की नको? काढली तर अशी कशी काढू, की मला कुणी हसणार नाही? आणि तिला बोलवू का?

— माजी मॉनिटर

(पत्र थोडं छोटं केलं आहे. सोबत आलेलं मागच्या सहलीचं दोन पानी वेळापत्रक गाळलं आहे. त्याच्याबद्दल खाली.)

प्रिय मॉनिटर,

‘माजी’ मी मुद्दाम गाळलं. पत्रावरून तरी तुम्ही ते पद सोडल्याचं दिसत नाही.

तुमच्या वेळापत्रकात २८ नोंदी आहेत, मी मोजल्या. ‘७.४० ते ७.५५ : स्वच्छतागृह.’ ‘११.१० ते ११.२५ : मोकळा वेळ’, आणि त्याच्यापुढे कंसात ‘बसपासून लांब जाऊ नये’. मला हसू आलं. मग जरा वाईटही वाटलं, कारण हे आखायला तुम्ही किती रात्री जागल्या असाल तेही त्या पानांवर दिसतं. पण बाई, तुम्ही पन्नाशीतल्या चौदा माणसांची शाळेची सहल काढली होती. शाळेच्या सहलीत पाच ठिकाणं असतात, कारण घरी गेल्यावर पोरांना ‘काय काय पाहिलं?’ असं विचारलं जातं आणि दुसऱ्या दिवशी निबंध लिहायचा असतो. शिवाय ती पोरं एकमेकांना रोजच भेटतात, त्यांना सहलीत बोलायला वेळ मिळाला नाही तरी काही बिघडत नाही. तुम्ही मंडळी वर्षातून एकदा भेटणार, काही जण तर ३४ वर्षांत पहिल्यांदा. आणि भेटून काय केलंत, तर दोन-दोनच्या सीटवर बसून पुढच्याच्या डोक्याची मागची बाजू बघितलीत.

एक साधा हिशेब करा. चौदा जणांपैकी प्रत्येकाला उरलेल्या तेरांशी नुसती दहा-दहा मिनिटं धड बोलायची म्हटली, तर प्रत्येकाचे दोन तासांहून जास्त होतात. तेही सगळ्यांनी एका वेळी जोड्या लावून, घड्याळ लावून बोललं तर. म्हणजे एवढ्यासाठीसुद्धा एका जागी निवांत तीन-चार तास हवेत. तुम्ही पंधरा मिनिटं दिलीत, बसपासून लांब न जाण्याच्या अटीवर.

आता तुम्ही म्हणाल, पाच ठिकाणं मी एकटीने थोडीच ठरवली? ग्रुपवर विचारलं होतं, सगळ्यांनी अंगठे दाखवले. दाखवले असतीलच. यावर एक जुनी गोष्ट आहे. जेरी हार्वी नावाच्या व्यवस्थापनशास्त्राच्या अमेरिकी प्राध्यापकाने १९७४ साली ती लिहिली. टेक्सासमधल्या कोलमन गावी हार्वी बायकोसह सासुरवाडीला गेलेला. बाहेर ४० अंशांचा उन्हाळा, ही चौघं ओसरीवर पंख्याच्या वाऱ्यात डोमिनो खेळत छान बसलेली. सासरा म्हणाला, चला, अ‍ॅबिलीनला जेवायला जाऊ. अ‍ॅबिलीन तिथून ८५ किलोमीटर आणि गाडीत एसी नाही. बायको म्हणाली, मस्त कल्पना. हार्वीला वाटलं, हिला जायचंय, मग आपण कशाला मोडता घाला? सासूही हो म्हणाली. चार तासांनी घामाने आणि धुळीने माखून, जेवणाला नावं ठेवत सगळे परत आले. मग एकेकाने तोंड उघडलं. जायचं कुणालाच नव्हतं. सासऱ्यालाही नाही, मंडळी कंटाळली असतील असं वाटलं म्हणून तो आपला बोलून गेला होता. तेव्हापासून कुणाच्याच मनात नसलेल्या एकमताला अभ्यासक ‘अ‍ॅबिलीन विरोधाभास’ म्हणतात. तुमच्या ग्रुपवरचे अंगठे मला त्या ओसरीवरचे वाटतात. पहिला अंगठा कुणी तरी सौजन्याने दाखवतो, बाकीचे पहिल्याला बघून.

म्हणून या वर्षी ग्रुपवर मतदान घेऊ नका. एकेकाला वेगळं विचारा, आणि ‘कुठे जायचं?’ हे विचारूच नका. विचारा, ‘तुला काय नको?’ माणसं नकार फार स्पष्ट देतात. एकाला गुडघ्यामुळे पायऱ्या नको असतील, दुसऱ्याला पहाट नको, तिसरीला रात्री आठनंतर बाहेर राहणं नको, कारण घरी अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत. जे नऊ जण ‘नक्की’ म्हणून आले नाहीत, त्यांना तर आधी विचारा. पत्रात त्यांच्याबद्दल थोडा राग जाणवतो. मला वाटतं, त्यातल्या निम्म्यांना तुमचा कार्यक्रम बघूनच धाप लागली असेल.

मग जागा एकच निवडा. तीन-चार तास आरामात बसता येईल, सावली असेल, स्वच्छतागृह जवळ असेल आणि जायला दीड-दोन तासांपेक्षा जास्त लागणार नाहीत, अशी. बघण्यासारखं तिथे फारसं नसलं तर उत्तमच. एका जागेचा आणखी एक फायदा तुमच्यासारख्या बाईला लगेच कळेल: उशिरा येणाऱ्यांचा प्रश्नच सुटतो. पाच ठिकाणांच्या सहलीत एकाची बस चुकली की त्याचा दिवस गेला, म्हणून सगळे थांबतात आणि साडेपाचचे सव्वासात होतात. एकच जागा असेल तर पंधरा मिनिटं वाट बघायची आणि निघायचं. राहिलेला आपला आपण येईल. ज्याला सगळा दिवस मिळत नाही तो जेवणापुरता येईल आणि जाईल. त्याच्या येण्याचाही आनंदच होतो.

तिथे पोचल्यावर चौदा जणांचं मोठं रिंगण करू नका. एकेकाने उठून ‘मी सध्या अमुक करतो, मला दोन मुलं’ असं सांगण्याची जी परेड असते, ती तर मुळीच नको. ज्याचं बरं चाललंय तो लांबण लावतो, आणि ज्याची नोकरी गेलीय किंवा संसार मोडलाय त्याच्या पोटात आपली पाळी येईपर्यंत गोळा येतो. रॉबिन डनबार हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली लोकांच्या गप्पांचे घोळके निरखून दाखवलं होतं की, एका गप्पेत साधारण चार माणसं टिकतात. पाचवा आला की थोड्या वेळात एका गप्पेच्या दोन होतात. हे अडवायला जाऊ नका. लोक आपसूक चार-चारचे होतील, उठतील, दुसरीकडे जाऊन बसतील. तुमच्यातल्या मॉनिटरला ते विस्कळीत दिसेल, हात शिवशिवतील. शिवशिवू देत.

परतीच्या प्रवासाबद्दल मात्र मी तुमच्याहून कडक आहे. तुमच्या वेळापत्रकाची शेवटची नोंद ‘रात्री ९.३० : घरी’. साडेपाचला बस म्हणजे तुम्ही चारला उठलात. चार ते रात्री नऊ, १७ तास झाले. ड्र्यू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात जो प्रयोग मांडला, त्यात सलग १७ तास जागं राहिलेल्यांची हात आणि डोळे यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा बिघडला होता. कित्येक देशांत एवढ्या अल्कोहोलवर गाडी चालवणं गुन्हा आहे. आणि तुम्ही चारला उठलात तर बस घेऊन येणारा ड्रायव्हर किती वाजता उठला असेल? अठ्ठावीस नोंदींत त्याच्या जेवणाची किंवा झोपेची एकही नोंद नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही पाच वर्गमित्र असेच एका दिवसात जाऊन आलो. येताना मित्र गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी, मागे तिघं एकमेकांच्या खांद्यावर झोपलेले. त्याने काच खाली केली. थोड्या वेळाने वर केली. पुन्हा खाली. मी विचारलं, ‘झोप येतेय का रे?’ तो म्हणाला, ‘छे!’ आणि गाणं मोठं केलं. पुढे एकदा त्याने स्वतःच्याच गालावर दोन चापट्या मारल्या आणि माझ्याकडे बघून हसला. मीही हसले, कारण शाळेतही तो असंच करायचा. मग माझ्या बाजूच्या चाकाखाली खडी खरखरली. डांबर सोडून गाडी कडेला उतरली होती. त्याने झटका देऊन ती वर घेतली आणि बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मागचे तिघं उठलेही नाहीत. अजून आम्ही भेटलो की त्या सहलीचे सगळे किस्से निघतात. हा मात्र आम्ही दोघंही काढत नाही. उघडी काच आणि मोठं गाणं यांनी झोप जात नाही. गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटावे लागतात. तेव्हा अंधार पडायच्या आत परत या, आणि तुम्ही गप्पा मारत असताना ड्रायव्हरला जेवण आणि दोन तास झोप मिळेल, एवढं बघा. बाकी सगळं सैल सोडा, हे सोडू नका.

पैशांचं थोडक्यात. रक्कम जागेबरोबर पहिल्याच मेसेजमध्ये सांगा आणि ती अशी ठेवा की कुणाला घरी विचारावं लागू नये. जेवणाचं बिल शेवटी समान वाटायचं, ही पद्धत दिसायला मैत्रीची आहे, पण तिने लोक जास्त मागवतात. २००४ साली यावर केलेल्या एका प्रयोगात ते चांगलंच दिसलं. आणि जो कमी खातो, कमी कमावतो, तो चकार शब्द काढत नाही, पुढच्या वेळी येत नाही एवढंच. ग्रुपमधल्या एखाद्या मोठ्या मनाच्या मित्राला सगळ्यांचा खर्च उचलायचा असेल तर त्याला गोड बोलून परावृत्त करा.

आता प्रगतिपुस्तकाकडे येऊ. त्या मित्राच्या मनात तुम्हाला दुखवायचं असेल असं मला वाटत नाही. शिट्टी तुमच्या गळ्यात होती, तो बोलून गेला. जुने वर्गमित्र भेटले की सगळे आपापल्या बाकावर जाऊन बसतात, याला इलाज नाही. माणसाच्या आठवणींत साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात दाट असतात, मानसशास्त्रात त्याला ‘आठवणींचा उंचवटा’ म्हणतात. त्यामुळे काल काय जेवलो ते आठवत नाही आणि कुणाला काय चिडवायचो ते लख्ख आठवतं. तुम्हाला कुणी हसणार नाही, अशी सहल मला आखून देता येणार नाही. ते हसणं थोडं कमी करता येईल, शिट्टी घरी ठेवून. तयारी तुम्ही करा, ती तुमच्याइतकी चांगली कुणाला जमणार नाही. पण त्या दिवशी बसच्या पायरीवर पाय ठेवलात की कागद दुसऱ्याच्या हातात द्या. माझं मत विचाराल तर शेवटच्या बाकावरच्या एखाद्याला द्या. कोण कुठे दडी मारतो हे त्यालाच ठाऊक असतं.

आणि हो, परतताना बसमध्ये आभारप्रदर्शन नको, सूचनाही नकोत. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांनी एकदा १४ अंश गार पाण्यात मिनिटभर हात धरला, आणि एकदा तेवढंच मिनिट अधिक आणखी अर्धं मिनिट, ज्यात पाणी हळूहळू अंशभर कोमट होत गेलं. पुन्हा कोणतं कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. तुमच्या सहलीचा शेवट सगळ्यांना शिट्टीसारखा आठवत असणार. शेवटचा तास तेवढा ऊबदार होऊ द्या.

इथवर सोपं होतं. आता तुमची मैत्रीण.

पत्रात बसच्या वेळांना तुम्ही भरपूर जागा दिलीत, तिला थोडी, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कंसात टाकलंत. ‘ती अडली की पुढचं मी वाचायचे.’ मी ते पाच-सहा वेळा वाचलं. तुम्ही तिला सोडवत होता, यात मला शंका नाही. एका बाकावरच्या मैत्रिणीची फजिती बघवत नाही, पुढचा शब्द आपल्याला येत असतो, आपण म्हणून टाकतो. बाईही बहुधा समाधानानेच पुढे सरकत असतील. पण तिच्या जागी बसून बघा. ओठांशी आलेला शब्द रोज कुणी तरी दुसरंच म्हणून टाकतं. वर्ग ‘गाडी बंद पडली’ म्हणतो आणि लगेच शेजारची, न अडखळता, गाडी पुढे नेते.

ती नुसती वाचतानाच अडायची की बोलतानाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बोलतानाही असेल तर ते तोतरेपण किंवा अडखळत बोलणं असावं. ते साधारण शंभरात एका प्रौढाला असतं. फक्त वाचताना असेल तर अक्षरं जुळवण्याची अडचण, जिला डिस्लेक्सिया म्हणतात, तीही असू शकेल. दोन्हींचा हुशारीशी संबंध नाही, दोन्हींत मेंदूच्या घडणीचा आणि आनुवंशिकतेचा भाग असतो. आठवून बघा, सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा तेव्हा ती अडायची का? अडखळत बोलणारी बहुतेक माणसं इतरांबरोबर एका सुरात म्हणताना जवळजवळ अजिबात अडत नाहीत. तुम्ही तिच्या शेजारीच बसायचात, तुम्हाला तिचा आवाज ऐकू आला असेल.

तेव्हा तिला फोन करू नका. अडखळणाऱ्या अनेकांना फोन हीच सगळ्यात अवघड गोष्ट असते: समोर चेहरा नाही, आणि जरा गप्प झालं की पलीकडचा ‘हॅलो? हॅलो?’ करायला लागतो. तिला लिहा. ग्रुपमध्ये परत ओढू नका, सहलीचं आमंत्रणही त्याच मेसेजमध्ये चिकटवू नका, नाहीतर तिला वाटेल की माणसं कमी पडतायत म्हणून आठवण झाली. मी असं लिहिलं असतं: ‘मागच्या वर्षी बसमध्ये तुला जे म्हटलं गेलं ते मी ऐकलं आणि गप्प बसले. नंतरही वर्षभर गप्प बसले. शाळेत तू अडलीस की मी पुढचं वाचून टाकायचे, तेही आता आठवतंय. मला वाटायचं मी तुला मदत करतेय. तुला काय वाटायचं ते मी कधी विचारलंच नाही. उत्तराची घाई नाही.’ एवढंच. हसरा चेहरा नको, फूल नको. ‘जाऊ दे गं, त्यांनी गंमत केली’ हे तर अजिबात नको.

२०२२ मध्ये पेगी लिऊ या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोगांतून दाखवलं की, बऱ्याच दिवसांनी आपण कुणाची आठवण काढली तर समोरच्याला त्याचं जेवढं अप्रूप वाटतं, त्याचा अंदाज आपण नेहमी कमी बांधतो. हे वाचून धीर घ्या, पण पुरता नाही. त्या प्रयोगांत साधी विचारपूस होती. इथे मध्ये एक बसभर हशा आहे. ती उत्तर देणार नाही, असंही होईल. आठवडाभराने दिलं तर नुसतं ‘बरं’ असेल. तेव्हा दुसरा मेसेज पाठवायचा नाही.

आणि ती भेटायला तयार झाली तर दोघीच भेटा. सहल नंतर बघू. बोलताना ती अडेल. तिच्या ओठांकडे टक लावून बघू नका, घड्याळाकडेही नको, डोळ्यांत बघत राहा. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’ असलं काही सांगू नका, ते तिने आयुष्यभर ऐकलंय. पुढचा शब्द तुम्हाला कळेल. तुम्हाला तो नेहमीच कळायचा. तो म्हणू नका. वाटेल की खूप वेळ गेला, प्रत्यक्षात चार-पाच सेकंद गेले असतील.

ओरडणारा कोण होता ते तुम्हाला माहीत आहे, ‘कुणीतरी’ लिहिलंत तरी. ती येवो न येवो, त्याच्याशी बोला. ग्रुपवर नाही, त्याला बाजूला घेऊन. त्याला खलनायक करायचं कारण नाही. शाळेत जे म्हणायचा ते म्हणाला, आणि हसली सगळी बस. एवढंच सांगा, ‘ते नाव आता बंद. मीही तेव्हा गप्प बसले, पण मला ते पटलेलं नाही.’ तो म्हणेल, एवढं काय त्यात. तेव्हा तुम्ही त्याला प्रगतिपुस्तकाच्या वाक्यावर घरी जाऊन रडलात हे सांगू शकता. मला वाटतं, ते त्याला कळेल. ती परत यायला तयार असेल तर तिला हे बोलणं झाल्याचं सांगा, म्हणजे ती बसमध्ये पाय ठेवताना मागच्या सीटकडे बघत बसणार नाही. आणि तिला बसने यायचं नसेल, परस्पर यायचं असेल, तासभरच यायचं असेल, तर एकाच जागेची सहल त्यासाठीही सोयीची आहे.

तेव्हा, लष्कराच्या भाकऱ्या भाजा, पण कमी. आज ग्रुपवर ‘मॅडम, या वर्षी कुठे?’ला उत्तर द्यायचं असेल तर लिहा, ‘या वर्षी एकच जागा, अंधाराच्या आत घरी. मी प्रत्येकाला वेगळा मेसेज करतेय, काय नको ते मला तिथे सांगा.’ मग फोन उपडा ठेवा. पहिला तासभर कुणी काही लिहिणार नाही. तुमचा हात पाच मिनिटांतच फोनकडे जाईल, आणखी एक सूचना टाकायला. टाकू नका.

— तुमची ताई